डॉबरमन : राखणदाराचं हृदय कोण राखणार?

काही वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली गोष्ट. साताऱ्याजवळच्या एका गावातले निवृत्त शिक्षक त्यांच्या डॉबरमनला घेऊन दवाखान्यात आले. कुत्र्याचं नाव ब्रुनो. वय पाच वर्षं, वजन ३९ किलो, तकतकीत काळं अंग. टेबलाशी येऊन उभा राहिला तो अगदी हुशारीत. सर जरा संकोचूनच बोलले.

‘डॉक्टर, तसं काही विशेष नाही. सकाळी बांधावर मांजरामागे धावला आणि एकदम कोसळला. मी धावत पोहोचलो तोवर उठून उभासुद्धा राहिला होता. उन्हानं भोवळ आली असेल. पण हिनं हट्टच धरला, दाखवून या म्हणून.’

छातीला स्टेथोस्कोप लावला. ठोके पडत होते, पण मध्येच एखादा घाईघाईनं यायचा आणि त्यामागून एक रिकामी जागा. पुन्हा आठ-दहा ठोके बरे, पुन्हा तेच. ईसीजी काढला, मग सोनोग्राफी. हृदयाचा डावा कप्पा फुगलेला होता आणि त्याची भिंत आकुंचन पावताना दमत होती.

‘सर, हे ऊन नाही. याच्या हृदयाचं दुखणं आहे. आणि ते आजचं नाही, बहुधा वर्षभर तरी आत वाढत असावं.’

सर काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘अहो, पण कालपर्यंत हा रात्र-रात्र जागून राखण करत होता!’

आजच्या लेखाचा विषय त्यांच्या या एका वाक्यात आहे. डॉबरमन ही जात राखणीसाठी घडवली गेली. दुखणं अंगावर काढत काम करत राहणं तिच्या स्वभावात आहे, आणि तिच्यातलं सर्वांत घातक दुखणं बाहेरून दिसत नाही. म्हणूनच हा कुत्रा पाळणाऱ्यानं त्याचा स्वभाव आणि त्याचं शरीर, दोन्ही समजून घ्यायला हवीत.

करवसुली करणाऱ्याचा सोबती

बहुतेक श्वानजातींच्या उगमाची कथा धूसर असते. डॉबरमनला मात्र थेट एका माणसाचं नाव आहे. जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातलं आपोल्डा हे छोटं शहर. तिथे कार्ल फ्रीडरिश लुई डॉबरमन हे गृहस्थ करवसुलीचं काम करत. शिवाय शहरातल्या मोकाट कुत्र्यांच्या कोंडवाड्याची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. वसुलीचे पैसे घेऊन एकट्यानं फिरायचं, तेही चोरा-लुटारूंच्या काळात. सोबतीला चपळ, निर्भय आणि मालकाच्या पावलाला पाऊल लावून चालणारा कुत्रा हवा होता. कोंडवाड्यामुळे निवडीला कुत्र्यांची कमतरता नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्यांनी आपल्याला हवे तसे कुत्रे निवडून त्यांची पैदास सुरू केली.

त्यांनी नोंदी काही ठेवल्या नाहीत. त्यामुळे या मिश्रणात नेमकं काय काय होतं, यावर आजही वाद आहेत. जर्मन पिन्शर, रॉटवायलर आणि त्या भागातले मेंढपाळांचे कुत्रे यांचा वाटा मोठा असावा, असं सर्वसाधारण मत आहे. १८९४ मध्ये डॉबरमन यांचं निधन झालं. पुढे ओटो गोलर आणि इतरांनी ही जात स्थिर केली. नंतर मँचेस्टर टेरियर आणि ग्रेहाउंड यांचं रक्त आलं, त्यातून आजचा सडपातळ बांधा, आखूड केस आणि वेग मिळाला.

आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नर खांद्यापाशी ६८ ते ७२ सेंटिमीटर उंच आणि ४० ते ४५ किलो वजनाचा असतो. मादी ६३ ते ६८ सेंटिमीटर आणि ३२ ते ३५ किलोची. राखणीच्या कुत्र्यांमध्ये हा बांधा हलकाच म्हणायचा. अवजड शरीरानं वाट अडवण्यापेक्षा आधी ओळखणं आणि झटकन पोहोचणं, ही याची पद्धत.

पोलीस आणि लष्करानं हे गुण लवकर हेरले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी मरीन दलानं प्रशांत महासागरातल्या बेटांवर पहारा, टेहळणी आणि निरोप पोहोचवण्यासाठी डॉबरमन वापरले. १९४४ मधल्या ग्वाम बेटावरच्या लढाईत कामी आलेल्या २५ कुत्र्यांचं स्मारक तिथे आहे आणि त्यावर डॉबरमनचाच पुतळा आहे. आपल्याकडच्या पोलीस श्वानपथकांमध्येही माग काढण्याच्या कामासाठी डॉबरमन अनेक वर्षं दिसत आला आहे. आपल्यातल्या पुष्कळांनी हा कुत्रा पहिल्यांदा पाहिला असेल तो ‘कुत्र्यापासून सावध राहा’ या पाटीमागे, फाटकाच्या गजांमधून.

तापट नव्हे, तत्पर

त्या पाटीनं या जातीचं एक चित्र आपल्या मनात पक्कं केलं. डॉबरमन म्हणजे रागीट, कधी उलटेल याचा नेम नसलेला. ‘याचा मेंदू वाढत जातो, कवटी पुरत नाही आणि मग तो मालकावरच उलटतो,’ ही गोष्ट आजही दवाखान्यात कुणी ना कुणी सांगतं. तिला कसलाही शास्त्रीय आधार नाही. कुत्र्याचा मेंदू वाढ पूर्ण झाल्यावर वाढत राहत नाही. कवटी लहान पडण्याचा प्रश्नच येत नाही.

खरा डॉबरमन घरातल्या माणसांना चिकटलेला असतो. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की तो स्वयंपाकघरात, न्हाणीघरात गेलात की दाराबाहेर. शेजारी उभा राहिला की अंगाचा भार तुमच्या पायावर टाकतो. अनोळखी माणसाकडे तो आधी टक लावून पाहतो, मग तुमच्याकडे पाहतो. त्याला तुमची प्रतिक्रिया हवी असते. तुम्ही शांत असाल तर तोही बहुधा शांत राहतो.

या एकनिष्ठेमागे रसायनशास्त्रही आहे. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढतं, असं त्यात आढळलं. आई आणि तान्ह्या बाळामधलं नातं घट्ट करणारं हेच संप्रेरक. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र हा परिणाम दिसला नाही.

मग स्वभाव जातीवर किती अवलंबून असतो? २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्येच आलेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेली माहिती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली गेली. कुत्र्याकुत्र्यांमध्ये वागणुकीचा जो फरक असतो, त्यातला सरासरी फक्त ९ टक्के भाग जातीमुळे ठरतो, असा त्याचा निष्कर्ष होता. उरलेलं त्या-त्या कुत्र्याची स्वतःची जनुकीय ठेवण, संगोपन आणि अनुभव यांवर. म्हणजे ‘डॉबरमन आहे म्हणून चावणार’ हे जितकं चूक, तितकंच ‘डॉबरमन आहे म्हणून आपोआप राखण करणार’ हेही चूक.

एक गोष्ट मात्र विसरू नये. ताकद जातीमुळेच येते. घाबरलेला पॉमेरेनियन चावला तर ओरखडा उठेल, घाबरलेला डॉबरमन चावला तर टाके पडतील. म्हणून याच्या संगोपनात चुकायला वाव कमी.

साखळी, काठी आणि भीती

पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ सर्वांत मोलाचा. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं पिल्लांवर अभ्यास करून १९६५ मध्ये हे मांडलं. या काळात जे दिसतं, ऐकू येतं, हाताळलं जातं ते पिल्लाला जगाचा नेहमीचा भाग वाटतं. जे या काळात भेटत नाही, त्याची पुढे भीती बसू शकते. मुलांचा आरडाओरडा, छत्री, प्रेशर कुकरची शिट्टी, मोटरसायकल, टोपीवाला माणूस, काठी टेकत येणारे आजोबा, या सगळ्यांशी पिल्लाची शांतपणे, खाऊ देत ओळख करून द्यावी. लसीकरण पूर्ण व्हायच्या आधी त्याला कडेवर घेऊन किंवा गाडीतून फिरवून हे करता येतं. रस्त्यावर खाली सोडू नये.

आपल्याकडे नेमकं उलट घडतं. ‘लोकांची सवय लागली तर राखण करणार नाही’ म्हणून पिल्लाला मागच्या अंगणात बांधून ठेवतात. वर्षभरात तयार होतो तो राखणदार नव्हे, भेदरलेला कुत्रा. राखणदाराला पाहुणा आणि चोर यांतला फरक कळतो. भेदरलेल्या कुत्र्याला सगळेच चोर वाटतात. गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्याला, दूधवाल्याला किंवा चेंडू आणायला कुंपणावरून आत उतरलेल्या शेजारच्या मुलाला चावतो तो बहुधा हाच.

दुसरी चूक मारण्याची. ‘मोठा कुत्रा आहे, धाक हवाच’ असं म्हणून काठी किंवा काटेरी पट्टा वापरला जातो. पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षेवर आधारित प्रशिक्षण घेणाऱ्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि प्रशिक्षणानंतर कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरकही अधिक वाढलं. डॉबरमन मुळात संवेदनशील. आवाज चढला तरी कान पाडतो. त्याला मारून शिकवणं म्हणजे चांगल्या घड्याळावर हातोडा चालवणं. योग्य वागणुकीला लगेच शाबासकी, छोटे रोजचे धडे आणि घरातल्या सगळ्यांचा एकच नियम, एवढ्यावर हा कुत्रा फार लवकर शिकतो.

त्याच्या डोक्यालाही काम लागतं. ते नसेल तर काय होतं, याची एक खूण याच जातीत दिसते. काही डॉबरमन स्वतःच्या कुशीची कातडी किंवा चादर तासन् तास चोखत बसतात. ही सक्तीच्या वर्तनाची विकृती आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी तिचा संबंध एका विशिष्ट जनुकाच्या परिसराशी जोडला. म्हणजे मूळ जनुकांत असतं आणि एकटेपणा, कंटाळा व ताण त्याला खतपाणी घालतात. रोज सकाळ-संध्याकाळ मिळून तास-दीड तासाची हालचाल, शिवाय वस्तू लपवून शोधायला लावण्यासारखा वासाचा खेळ, एवढं तरी हवंच. दिवसभर घर बंद ठेवून नोकरीला जाणाऱ्या कुटुंबानं या जातीचा विचार करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

छातीतला छुपा शत्रू

आता ब्रुनोच्या दुखण्याकडे वळू. त्याचं नाव डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, थोडक्यात डीसीएम. हृदयाचे स्नायू हळूहळू कमकुवत होतात, काही स्नायूतंतूंची जागा चरबी आणि तंतुमय ऊती घेतात. कप्पा फुगतो, भिंत पातळ होते, पंप ढिला पडतो. शिवाय स्नायूंमधून वाहणारा विजेचा संकेत वाट चुकतो आणि अवेळी ठोके पडू लागतात. असे ठोके ओळीनं, वेगानं पडले की मेंदूला रक्त पोहोचत नाही आणि कुत्रा कोसळतो. लय परत आली तर उठून उभा राहतो. नाही आली, तर तिथेच सगळं संपतं.

म्युनिकमधल्या पशुहृदयतज्ज्ञांनी चारशेहून अधिक डॉबरमन तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. युरोपातल्या डॉबरमनमध्ये आयुष्यभरात हा आजार होण्याचं एकूण प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास निघालं. म्हणजे निम्म्याहून अधिक. नर आणि माद्या दोघांनाही तो होतो, पण नरांमध्ये हृदय फुगल्याचं लवकर दिसतं. माद्यांमध्ये कित्येकदा फक्त ठोक्यांची गडबड असते, त्यामुळे निदान निसटतं.

सर्वांत फसवा असतो तो पहिला टप्पा. दोन-तीन वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ कुत्रा बाहेरून ठणठणीत दिसतो. खातो, धावतो, भुंकतो. साध्या तपासणीत स्टेथोस्कोपलाही काही सापडेलच असं नाही. या टप्प्यातल्या कुत्र्यांपैकी सुमारे चौथा ते तिसरा हिस्सा कोणतंही आधीचं लक्षण न दाखवता अचानक दगावतो. ‘काल रात्री जेवला, सकाळी अंगणात मरून पडलेला. कुणीतरी विष घातलं असणार,’ असं सांगणारे लोक मला भेटले आहेत. शेजाऱ्यांशी भांडणं झाली, बोलणं बंद झालं. शवविच्छेदन न झाल्यानं त्यातल्या किती कुत्र्यांचा खरा मारेकरी त्यांच्याच छातीत होता, हे कधी कळलंच नाही. राखणीचा कुत्रा अचानक गेला, तर कुणावर संशय घेण्याआधी शवविच्छेदन करून घ्या. सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्यासाठी चौकशी करता येते.

शोधायचं कसं?

तज्ज्ञांची शिफारस सोपी आहे. तिसऱ्या वर्षापासून दर वर्षी दोन तपासण्या. पहिली, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इकोकार्डिओग्राम. दुसरी, २४ तासांचा ईसीजी, म्हणजे होल्टर. एक छोटं यंत्र जाकिटासारख्या पट्ट्यात बसवून कुत्र्याच्या अंगावर दिवसभर ठेवतात. तो घरीच असतो, नेहमीसारखा वावरतो. दिवसभरात खालच्या कप्प्यातून येणारे अवेळी ठोके ५० पेक्षा कमी असतील तर सध्या काळजी नाही. ५० ते ३०० असतील तर संशय, काही महिन्यांत पुन्हा तपासणी. ३०० च्या वर गेले तर आजाराचं निदान. पाच मिनिटांच्या साध्या ईसीजीत ही गडबड हुकू शकते, म्हणून २४ तासांचा आग्रह. माणसांसाठी वापरलं जाणारं होल्टर यंत्रही कुत्र्यांना लावता येतं. त्यामुळे आपल्या पशुवैद्यकानं हृदयरोगतज्ज्ञाच्या मदतीनं सोय करणं मध्यम शहरांतही अशक्य नाही. ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी या रक्तचाचण्या पूरक म्हणून उपयोगी पडतात. जनुकीय चाचण्याही निघाल्या आहेत, पण या आजारात एकाहून अधिक जनुकं गुंतलेली आहेत. चाचणी चांगली आली म्हणून हृदयाची तपासणी टाळू नये.

निदान लवकर होऊन उपयोग काय, असा प्रश्न सरांनीही विचारला होता. त्याला चांगलं उत्तर आहे. ब्रिटन आणि उत्तर अमेरिकेत ७६ डॉबरमनवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हृदय फुगलेलं पण लक्षणं न दिसणाऱ्या कुत्र्यांपैकी काहींना पिमोबेंडान हे औषध आणि काहींना औषधासारखीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली गेली. हृदय निकामी होण्यापर्यंत किंवा अचानक मृत्यूपर्यंतचा मध्यम काळ औषध घेणाऱ्यांत ७१८ दिवस निघाला, इतरांत ४४१ दिवस. म्हणजे नऊ महिन्यांचा फरक. माणसाच्या आयुष्यात नऊ महिने थोडे वाटतील, दहा-बारा वर्षांच्या आयुष्यात ते पुष्कळ असतात. ठोक्यांची लय सुधारणारी औषधंही असतात. कोणतं, किती आणि कधी द्यायचं हे तपासणी करणाऱ्या पशुवैद्यकानंच ठरवायचं. घरातल्या आजोबांच्या हृदयाच्या गोळ्या कुत्र्याला देऊ नयेत. ताप-अंगदुखीवर पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनही नको, कुत्र्यांमध्ये त्यानं विषबाधा होते.

घरच्या घरी करण्यासारखी एक तपासणी मात्र फुकट आहे. कुत्रा गाढ झोपला असताना छातीची वर-खाली एक असा श्वास मोजा. एका मिनिटात तो साधारण ३० च्या आत असायला हवा. तो सतत ३० च्या वर जाऊ लागला, तर फुप्फुसात पाणी साचण्याची ती पहिली सूचना असू शकते. रात्रीचा खोकला, लवकर दमणं, वजन उतरणं, पोट फुगणं आणि अर्थातच भोवळ, यांतलं काहीही दिसलं तर थांबू नका. भोवळ आल्यास मोबाइलवर चित्रण करा, हिरड्यांचा रंग पाहा, किती सेकंद लागले ते लिहून ठेवा. डॉक्टरांना याचा मोठा उपयोग होतो.

रक्त, पोट आणि मान

हृदयाखेरीज आणखी काही गोष्टी या जातीच्या मालकाला ठाऊक हव्यात.

पहिली, व्हॉन विलब्रँड आजार. रक्त गोठायला मदत करणारं एक प्रथिन कमी असतं. एरवी कळत नाही, पण नसबंदी, दात काढणं किंवा जखम अशा वेळी रक्त थांबत नाही. याची जनुकीय चाचणी आहे. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी ‘डॉबरमन आहे, रक्तस्रावाची आणि हृदयाची तपासणी करू या का?’ असं स्वतःहून विचारा.

दुसरी, पोटाला पीळ पडणं. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठर वायूनं फुगतं आणि स्वतःभोवती फिरतं. पोट ढोलासारखं, ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, अस्वस्थ येरझाऱ्या. ही काही तासांत जीव घेणारी स्थिती आहे. सोडा, हिंगाचं पाणी असले उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. टाळण्यासाठी दिवसाचं खाणं दोन-तीन वेळा विभागून द्या, आणि जेवणाच्या आगे-मागे तासभर तरी पळवू नका.

तिसरी, मानेच्या मणक्यांचा दाब. मध्यमवयीन डॉबरमनच्या मागच्या पायांची चाल डगमगू लागली तर ‘वय झालं’ असं म्हणून सोडू नका. गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा. आळस, वजन वाढणं आणि केस विरळ होणं एकत्र दिसलं तर थायरॉइडची तपासणी करून घ्या.

राहिला कान-शेपटीचा प्रश्न. टोकदार उभे कान या जातीला जन्मतः नसतात, ते कापून, बांधून उभे केले जातात. त्यातून आरोग्याला काहीही फायदा होत नाही. वेदना मात्र खऱ्या असतात आणि रक्त न गोठणाऱ्या पिल्लात धोकाही मोठा. प्राण्यांचं अंग विनाकारण छाटणं ही आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार क्रूरता ठरते. लोंबत्या कानांचा डॉबरमन तितकंच चांगलं ऐकतो.

आपल्या हवेत सांभाळताना

डॉबरमनच्या अंगावर आखूड केसांचा एकच थर असतो. त्यामुळे तो ना विदर्भाच्या उन्हाला बनला आहे, ना महाबळेश्वरच्या थंडीला. उन्हाळ्यात फिरणं सूर्य वर यायच्या आत आणि मावळल्यानंतर. डांबरी रस्त्यावर आपला तळहात काही सेकंद टेकवून पाहा, आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसणार. पत्र्याच्या शेडमध्ये त्याला बांधू नये. थंडीत अंथरूण जमिनीपासून थोडं उंच असावं.

पावसाळा आला की गोचिडांचा धोका वाढतो. त्यांच्या चाव्यातून एहर्लिकिया आणि बॅबेसिया हे रक्ताचे आजार होतात. ताप, भूक मंदावणं, फिकट हिरड्या, नाकातून रक्त ही लक्षणं. पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं गोचीड प्रतिबंधक औषध वर्षभर नियमित द्यावं. उंदरांच्या मूत्रानं दूषित झालेल्या साचल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो माणसांनाही होतो. त्याची लस कुत्र्याला देता येते. पार्व्हो या विषाणूला डॉबरमनची पिल्लं विशेष बळी पडतात, म्हणून लहानपणीचे डोस एकही चुकवू नयेत. रेबीजची लस तर कुत्र्यासाठी आणि घरासाठी, दोघांसाठी. कुणाला दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन लगेच रुग्णालयात जावं, मग कुत्रा घरचा आणि लस दिलेला असला तरी.

खाण्याबाबत एक गैरसमज दूर करायला हवा. दूध-पोळीवर ४० किलोचा स्नायूदार कुत्रा पोसला जात नाही. त्याला पुरेशी प्राणिज प्रथिनं लागतात. मांसाहार नसलेल्या घरांनी अंडी, पनीर यांची जोड आणि पशुवैद्यकाकडून आहाराचा तक्ता घ्यावा. धान्यविरहित, डाळी-कडधान्यांवर भर असलेल्या काही तयार खाद्यांचा हृदयाच्या याच आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्ये सुरू केली होती. आधीच हृदय नाजूक असलेल्या जातीत असले प्रयोग टाळलेले बरे. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके आणि चॉकलेट पूर्ण वर्ज्य.

पिल्लू घेताना

या आजाराचा खरा पेच पैदाशीत आहे. डीसीएम बहुधा चार-सहा वर्षांनंतर उघड होतो. तोवर त्या देखण्या नराची कितीतरी पिल्लं घरोघर गेलेली असतात. म्हणून पिल्लू घेताना फक्त वंशावळीचा कागद आणि आई-बापाचे करंडक पाहू नका. विचारा, आई-वडिलांचं होल्टर आणि इको कधी झालं? अहवाल दाखवाल का? आजी-आजोबा किती वर्षं जगले, कशानं गेले? विकणारा या प्रश्नांवर चिडला तर उत्तर मिळालं असं समजा. शक्य असेल तर मोठ्या वयाचा, कुणी सोडून दिलेला डॉबरमन तपासून दत्तक घेण्याचा पर्यायही आहे. या जातीचे पुष्कळ कुत्रे ‘हौस फिटली’ म्हणून रस्त्यावर येतात. महापालिका क्षेत्रात राहत असाल तर परवाना काढायला विसरू नका.

ब्रुनो त्या भोवळीनंतर दोन वर्षं आणि चार महिने जगला. सर गोळ्यांची वेळ एकदाही चुकले नाहीत. वहीत रोज रात्रीचे श्वास लिहून ठेवायचे, २२, २४, २१. शेवटच्या आठवड्यात आकडे ३५ वर गेले आणि त्यांनीच मला फोन केला. शेवटी त्याला त्रास फार झाला नाही, कारण काय चाललं आहे हे आम्हाला आधीच कळत होतं.

ती वही सरांनी नंतर मला दाखवायला आणली होती. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, ‘आजवर त्यानं रात्री जागून आपलं घर राखलं. आता रोज एक मिनिट आपली पाळी.’

तुमच्याकडे डॉबरमन असेल तर आज रात्री तो झोपल्यावर घड्याळ घेऊन शेजारी बसा. एक मिनिट श्वास मोजा आणि आकडा लिहून ठेवा. आणि त्याला तिसरं वर्ष लागलं असेल तर उद्या सकाळी होल्टरची चौकशी करा.